पहिली फिट आल्यानंतर: कोकणातील कुटुंबासाठी वाटाड्या

श्रावणातल्या एका सकाळी माझा धाकटा भाऊ परसातल्या विहिरीवर पाणी काढताना कोसळला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि विहिरीला कठडा होता म्हणूनच तो आत गेला नाही. पुढच्या दोन मिनिटांत घरातली आणि वाडीतली मिळून नऊ-दहा माणसे त्याच्याभोवती जमली. आईने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, काकांनी त्याच्या मुठीत लोखंडाची किल्ली दिली आणि एका शेजाऱ्याने दातांत चमचा घालण्याच्या प्रयत्नात त्याचा पुढचा एक दात तोडला. तिसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी विचारले की डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली होती, झटके दोन्ही अंगांना होते की एकाच, आणि शुद्धीवर यायला किती वेळ लागला. दहा माणसे हजर होती, पण यातले काहीच कुणी पाहिलेले नव्हते.

आमचे निदान सात महिने लांबले. त्या सात महिन्यांत एका दवाखान्यात त्याला अशक्तपणावर सलाइन चढवले गेले आणि दुसरीकडे ताकदीच्या बाटल्या दिल्या गेल्या. आज मागे वळून पाहताना मला त्या डॉक्टरांइतकाच दोष आमचाही दिसतो, कारण आम्ही त्यांना "पडला आणि बेशुद्ध झाला" यापलीकडे काही सांगूच शकलो नव्हतो. ज्यांच्या घरात आकडी, फेफरे, मिरगी किंवा फिट हा शब्द नुकताच शिरला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. डॉक्टरांच्या भाषेत या आजाराला अपस्मार म्हणतात. त्याच्या निदानात सर्वांत मोठा वाटा कोणत्याही यंत्राचा नसून झटका डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाचा असतो, हे आधी मनाशी पक्के करावे.

झटका चालू असताना

रोग्याला आहे तिथेच राहू द्यावे. मात्र तो पाणी, चूल, रस्ता किंवा उतार यांच्या जवळ असेल तर त्याला तेवढ्यापुरते बाजूला घ्यावे. डोक्याखाली टॉवेल किंवा घडी केलेली लुंगी ठेवावी, शर्टाचे वरचे बटण सोडावे, चश्मा काढावा. हातपाय दाबून धरू नयेत, कारण झटका दाबून थांबत नाही आणि जोर लावल्याने खांदा निखळू शकतो. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी यांपैकी काहीही घालू नये. जीभ गिळली जाते हा समज चुकीचा आहे. ती चावली जाते आणि काही दिवसांत भरून येते, पण तुटलेला दात परत येत नाही आणि घशात गेलेले पाणी फुप्फुसात उतरते. कांदा, चप्पल, किल्ली यांनी झटका थांबल्यासारखा वाटतो, याचे कारण एवढेच की बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. झटके ओसरू लागले की माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते आणि श्वास मोकळा राहतो.

घड्याळाकडे पाहण्याचे काम एका माणसाकडे द्यावे. पाच मिनिटे उलटूनही झटका थांबला नाही, किंवा पूर्ण शुद्ध येण्याआधीच दुसरा झटका आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आमच्यासारख्या आडवाटेच्या वाडीत रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, म्हणून ती बोलावतानाच शेजाऱ्याची गाडीही तयार ठेवावी आणि जे आधी हाताशी येईल त्याने निघावे. झटका पाण्यात आला असेल, डोक्याला मार लागला असेल, बाई गरोदर असेल, माणसाला मधुमेह असेल, तापाबरोबर मान ताठ झाली असेल किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट असेल, तर ती लवकर थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. झटक्यानंतर चेहऱ्याची एक बाजू वाकडी राहिली किंवा एक हात उचलेना, तर तो पक्षाघातही असू शकतो आणि तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या लेकराला तापात आकडी आली, तर ती पुष्कळदा तापाचीच असते आणि अशी बहुतेक मुले पुढे पूर्ण बरी राहतात. तरीही पहिल्या वेळी डॉक्टरांनी मूल पाहिलेच पाहिजे, कारण मेंदूज्वराची सुरुवातही अशीच होऊ शकते.

पाहणे आणि लिहिणे

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण आमचे सात महिने इथेच गेले.

एक साधी वही करावी आणि ती फक्त याच कामासाठी ठेवावी. प्रत्येक झटक्यानंतर, तो पाहणाऱ्यानेच, त्याच दिवशी लिहावे. सुरुवात झटक्याच्या आधीपासून करावी: माणूस उभा होता की बसलेला, झोपेत होता की नुकताच उठला होता, उपाशी होता का, आदल्या रात्री जागला होता का, दारू घेतली होती किंवा नेहमीची दारू एक-दोन दिवसांपूर्वी अचानक सोडली होती का. पडण्यापूर्वी त्याला काही जाणवले का, हे त्याच्याकडूनच नंतर विचारून घ्यावे. पोटातून वर काहीतरी चढल्यासारखे वाटणे, जळका वास येणे, एका हाताला मुंग्या येणे, पाहिलेले सगळे पूर्वी घडून गेल्यासारखे वाटणे, या खुणा मेंदूच्या कोणत्या भागातून झटका सुरू होतो ते सांगतात. रोगी बहुधा हे आपणहून सांगत नाही, कारण लोक वेडा म्हणतील अशी भीती त्याला वाटते.

मग झटका लिहावा. डोळे उघडे होते का आणि बुबुळे कुठे होती, मान व तोंड कोणत्या बाजूला ओढले गेले, आधी अंग ताठ झाले आणि मग झटके आले की थेट झटके आले, सुरुवात एका हातापासून झाली का, चेहरा निळसर पडला की पांढराफटक, जीभ कडेला चावली गेली का, कपड्यात लघवी झाली का. शेवटी झटक्यानंतरचा काळ लिहावा: माणसाने लगेच ओळखले की अर्धा तास गोंधळलेला होता, डोके दुखले का, झोप लागली का. पिवळट पडून, घाम येऊन, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळलेला आणि आडवे करताच मिनिटभरात नीट बोलू लागलेला माणूस बहुधा साध्या मूर्च्छेचा असतो, त्याला दोन-चार हिसके आलेले असले तरीही. उन्हात पालखीबरोबर तासन्‌तास उभे राहिलेल्यांना हे होते. उलट डोळे उघडे, अंग ताठ, मग लयीतले झटके, कडेला चावलेली जीभ आणि नंतरचा लांबलेला गोंधळ हे चित्र फिटचे आहे.

सगळ्याच फिट जमिनीवर पाडत नाहीत. शाळकरी मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात बघते, पापण्या किंचित फडफडतात आणि जणू काही झालेच नाही अशा रीतीने ते पुढचे बोलू लागते. हे दिवसात अनेकदा होते आणि गुरुजी त्याला लक्ष नसल्याबद्दल ओरडतात. मोठ्या माणसांत एक प्रकार असा असतो की माणूस उभाच राहतो, पण हाकेला ओ देत नाही, ओठ चाटतो, सदऱ्याची गुंडी चाचपत राहतो आणि एक-दोन मिनिटांनी भानावर आल्यावर त्याला यातले काहीही आठवत नाही. माझ्या भावाला विहिरीवरच्या घटनेआधी वर्षभर असे होत होते. आजी त्याला "तंद्री लागते" म्हणायची आणि आम्ही कुणीही ते डॉक्टरांना सांगितले नाही.

जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करावे. माणूस तडफडत असताना फोन काढलेला कुणालाच आवडत नाही. माझ्यावरही काका रागावले होते. पण रोग्याला कुशीवर घेणारे दुसरे कुणी जवळ असेल तर तीस सेकंदांचे चित्रीकरण तज्ज्ञाला पानभर वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते. ते डॉक्टरांखेरीज कुणालाही दाखवू नये आणि वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच टाकू नये.

कुणाकडे जायचे

पहिली पायरी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ओळखीचे एमबीबीएस डॉक्टर चालतील. तिथे साखर, रक्तदाब आणि रक्तातले क्षार तपासून घ्यावेत, कारण साखर किंवा सोडियम खूप उतरल्यानेही फिट येते. त्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञ, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट, गाठावा, किंवा तो मिळेपर्यंत जिल्हा रुग्णालयातले फिजिशियन. सिंधुदुर्गात जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग या बाजूची पुष्कळ माणसे गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात, घाटावरचे नाते असलेले कोल्हापूर धरतात आणि घरातले कुणी चाकरमानी असेल तर परळच्या केईएमचा मार्ग सोपा पडतो. कुठेही जा, पण एकदा उपचार सुरू झाले की दर सहा महिन्यांनी गाव बदलू नये. प्रत्येक नवा डॉक्टर गोळी बदलतो आणि कोणत्या गोळीने काय झाले याचा धागा तुटतो.

देवाला गाऱ्हाणे घालण्याला माझा विरोध नाही. आमच्याही घरातून रवळनाथापुढे नारळ ठेवला गेला आणि त्याने आईला झोप लागली. मात्र गाऱ्हाण्यासाठी डॉक्टरकडे जाणे लांबवू नये आणि गोळी बंद करायला सांगणाऱ्या भगताचे ऐकू नये. बाधा उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. धुरीत कोंडलेल्या माणसाला त्याच वेळी फिट आली तर त्याचा जीव जाऊ शकतो.

तपासण्या

ईईजी ही मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आहे. डोक्याला तारा चिकटवतात, अर्धा-पाऊण तास लागतो, दुखत काही नाही. तारा नीट चिकटाव्यात म्हणून आदल्या दिवशी डोके शिकेकाईने किंवा शाम्पूने धुवावे आणि त्यानंतर तेल अजिबात लावू नये. आमच्याकडे खोबरेल लावल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी आम्हाला एकदा परत पाठवले गेले. पाच तासांचा प्रवास वाया गेला. डॉक्टरांनी आदल्या रात्री कमी झोपायला सांगितले असेल तर ते पाळावे, कारण थकलेल्या मेंदूत दोष लवकर दिसतो. चालू गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नयेत.

ईईजी निर्दोष आली म्हणजे फिट नाही, असा अर्थ काढू नये. ती अर्ध्या तासाची नोंद आहे आणि त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असू शकतो. म्हणूनच वहीतली नोंद अहवालाइतकीच महत्त्वाची ठरते.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: जुना मार, जन्माच्या वेळची इजा, गाठ, रक्तवाहिन्यांचा दोष. आपल्या देशात त्यात वारंवार सापडणारी एक गोष्ट म्हणजे पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत तयार झालेली बारीक गाठ. 'गाठ' हा शब्द ऐकून घरचे कर्करोग समजतात आणि खचतात, पण ही गाठ औषधाने विरू शकते. न धुतलेल्या कच्च्या भाज्या आणि अस्वच्छ हात यांतून ती अंडी पोटात जातात, त्यामुळे जन्मभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. क्षयामुळेही मेंदूत अशा गाठी होतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो, म्हणून अहवाल हातात आल्यावर औषध दुकानदाराला न विचारता तज्ज्ञालाच दाखवावा.

गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे योग्य निदान आणि औषध मिळाले तर अपस्माराचे सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. पण हे आकडे गोळी रोज घेणाऱ्याचे आहेत. गोळी आजार मुळातून उपटत नाही. ती रक्तात असेपर्यंत झटक्याला अडवून धरते. सहा महिने फिट आली नाही म्हणून गोळी सोडली की बांध फुटावा तसे होते, आणि एकामागून एक थांबता न थांबणारे झटके येऊन माणूस दगावू शकतो. माझ्या माहितीतल्या बहुतेक वाईट घटना याच एका चुकीने घडल्या आहेत.

गोळीची वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधावी: सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला. उपवास असला तरी गोळी चुकवू नये. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, निदान महिनाभराच्या गोळ्या जास्त घेऊन ठेवाव्यात, कारण दरड कोसळून घाट बंद झाला किंवा खाडीपलीकडचा रस्ता पाण्याखाली गेला की तालुक्याच्या दुकानात तीच गोळी मिळेल याची खात्री नसते. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. आपल्या हवेत उघड्या गोळ्या ओल धरतात. जनऔषधी केंद्रातल्या गोळ्या स्वस्त पडतात, पण एकदा एका कंपनीची गोळी लागू पडली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कंपनीची घेऊ नये.

प्रत्येक औषधाचा त्रास वेगळा असतो. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात आणि मात्रा जास्त झाली तर चालताना तोल जातो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, विशेषतः ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे; ही पुरळ वाढली तर जिवावर बेतते. लेव्हेटिरासिटामने काही जण चिडचिडे आणि उदास होतात. माझा भाऊ त्या गोळीवर दोन महिने कुणाशी नीट बोलत नव्हता आणि आम्ही ते वयाचे समजलो. डॉक्टरांना सांगितल्यावर औषध बदलले आणि आमचा मुलगा आम्हाला परत मिळाला.

मुलीच्या आणि तरुण बाईच्या बाबतीत एक प्रश्न स्वतःहून विचारावा: गोळी व्हॅल्प्रोएट आहे का? गरोदरपणात या औषधाने बाळात व्यंग येण्याचा आणि त्याच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका इतर औषधांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे शक्य असेल तिथे लग्नाआधीच पर्याय पाहिला जातो आणि फॉलिक आम्ल सुरू केले जाते. दिवस गेल्याचे नंतर कळले, तर मात्र घाबरून गोळी एकदम बंद करू नये. तो झटका आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात, हेही ठाऊक असावे.

पाणी, उंची, आग आणि जागरण

कोकणात अपस्माराच्या रोग्याला सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. विहिरीला कठडा आणि जाळी बसवावी. नदीत, तळीत, समुद्रात एकट्याने उतरू नये. अंघोळ बादलीतून तांब्याने, बसून करावी आणि न्हाणीघराला आतून कडी घालू नये. माडावर, पोफळीवर चढणे थांबवावे आणि आंबे काढायला झाडावर न जाता खालून झेल्याने काढावेत. होडीवर जाणाऱ्याने डॉक्टरांची संमती मिळेपर्यंत किनाऱ्यावरची कामे धरावीत: जाळी विणणे, मासळी निवडणे, इंजिनाची दुरुस्ती. हे कुटुंबाच्या पोटावर येते हे मला कळते, म्हणून भावाभावांनी कामे अदलाबदल करून घेण्याचा विचार पहिल्याच आठवड्यात करावा. चुलीपाशी बाई एकटी असू नये. दुचाकी बंद.

झोप मोडणे हे झटक्याचे एक नेहमीचे निमित्त आहे आणि आपली संस्कृती रात्री जागते. दशावतार पहाटेपर्यंत चालतो, गणपतीत भजने रात्रभर होतात, शिमग्यात पालखी रात्री फिरते. रोग्याला या सगळ्यातून काढून टाकू नये, तर त्याला दुपारी झोपवून रात्री बारापर्यंत नेऊन आणावे. भाऊ पूर्वरंग पाहून घरी येतो आणि उरलेला खेळ सकाळी मी त्याला सांगतो.

मन

अपस्माराबरोबर उदासीनता आणि चिंता पुष्कळदा येतात, काही मेंदूतल्या बदलांमुळे आणि काही लोकांच्या नजरेमुळे. माणूस जेवेनासा झाला, बाहेर पडेनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला, तर त्याला थेट विचारावे की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे. 'रत्नागिरीला नेले' हा शब्दप्रयोग आपल्याकडे अपमान म्हणून वापरला जातो. तो आपल्या घरात तरी बंद व्हावा, कारण त्या शब्दाच्या भीतीने माणसे वर्षानुवर्षे उपचाराविना राहतात.

काही झटके फिटसारखेच दिसतात, पण त्या वेळी मेंदूच्या लहरी नेहमीसारख्याच असतात. डोळे घट्ट मिटलेले असतात, हालचाल थांबून थांबून चालते आणि झटका दहा-पंधरा मिनिटेही लांबतो. हे मनावर साठलेल्या ताणातून येतात आणि ते सोंग नाही. त्या मुलीचा किंवा मुलाचा त्यावर ताबा नसतो. त्यांना थप्पड मारू नये आणि फिटच्या गोळ्यांचा मारा करू नये. त्यांचा उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे, बोलण्यातून होतो. एकाच माणसात दोन्ही प्रकारचे झटके असू शकतात, आणि ते वेगळे करायलाही वहीच उपयोगी पडते.

लग्न आणि गोळी थांबवणे

हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाला आड येणारी अट होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढली गेली. तरीही आजार लपवून लग्न ठरवू नये असे मला ठामपणे वाटते, कारण लपवलेली गोळी चुकते आणि चुकलेल्या गोळीची फिट नव्या घरात, कुणालाच काय करायचे ते ठाऊक नसताना येते.

दोन ते तीन वर्षे एकही झटका नसेल तर गोळी कमी करायची का, हा विषय डॉक्टरांकडे काढता येतो. उत्तर झटक्याचा प्रकार, एमआरआय आणि ईईजी पाहून ठरते. काहींना गोळी कायमची लागते. कमी करायचे ठरले तर ती महिनोन्‌महिने हळूहळू उतरवतात. त्या काळात आणि त्यानंतरचे वर्षभर विहीर, झाड, दुचाकी यांचे नियम पुन्हा पहिल्या दिवसासारखे पाळावेत, घरात कुणीतरी सोबत असावे आणि वहीत रोजची झोप व घेतलेली मात्रा लिहीत राहावी.